काळ्या मातीतलं बेसमेंट कोरडं कसं ठेवायचं: खान्देशातल्या नवख्या घरमालकांसाठी

राम राम मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ कुठंही बघा, नवीन बंगल्याला खाली पार्किंग किंवा गोडाऊन काढायची पद्धत पडलीय, आणि जुन्या वाड्यात तर तळघर आधीपासूनच असतं. पहिल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली की माणूस धावत जातो आणि वॉटरप्रूफिंगचा डबा घेऊन येतो, आतून दोन हात मारतो, आणि पुढच्या जुलैला तोच कलर पापुद्रे होऊन हातात येतो. डबा वाईट असतो असं नाही, पण तो सगळ्यात शेवटचं काम आहे आणि आपण तिथूनच सुरुवात करतो. माझं सगळं सांगणं एवढंच आहे की पाणी आधी वर आणि बाहेर अडवा, आतल्या भिंतीचा नंबर शेवटी.

आपल्याकडची गोष्ट जरा वेगळी का आहे ते आधी समजून घ्या. पाऊस म्हणाल तर जळगाव-धुळ्याकडे वर्षाला साधारण ६००-७०० मिलिमीटर, म्हणजे कोकणाच्या मानानं काहीच नाही. पण आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आता घराच्या भोवती जाऊन बघा, सगळ्यात मोठी भेग नेमकी भिंतीला चिकटून असते, कारण माती आकसून भिंतीपासून सुटलेली असते. पहिला वळीव आला की सगळं पाणी त्या फटीतून सरळ खाली फुटिंगपर्यंत (पायाच्या बुडापर्यंत) जातं, जमीन वरून नीट भिजलेलीही नसते आणि बेसमेंटात पाणी. नंतर माती फुगून फट बुजते तेव्हा आत गेलेलं पाणी अडकून बसतं आणि वरून फुगलेल्या मातीचा भिंतीवर दाब. म्हणून कामाचा सीझन आखाजी ते मिरीग, म्हणजे अक्षय्य तृतीया ते मृग नक्षत्र. भेगा उघड्या दिसतात, खोदकाम कोरडं होतं. आखाजीच्या आधीच मिस्तरीला सांगून ठेवा, नंतर तो सापडत नाही.

आधी ओळखा, पाणी येतंय कुठून

एक वही घ्या किंवा मोबाईलमध्ये लिहा, पण लिहा. पाऊस कधी पडला आणि ओल कधी दिसली. पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात पाणी आलं तर ते वरचं पाणी आहे, स्लॅबचा पाइप, उलटा उतार, रॅम्प यापैकी काहीतरी. पाऊस थांबून एक-दोन दिवसांनी फरशी आणि भिंतीच्या कोपऱ्यातून झिरपायला लागलं तर जमिनीतलं पाणी. बारा महिने एकाच जागी ओल असेल तर पावसाला दोष देऊ नका, वरच्या बाथरूमचा ट्रॅप किंवा नळाची लाइन बघा (संडास-बाथरूमच्या पाण्यात खायचा रंग टाकून बघा, खाली रंगीत ओघळ आला की विषय संपला). आणि पावसाळा संपून गेल्यावर, रब्बीत, थंडीच्या दिवसांत ओल येत असेल तर शेजारून पाट जातो का बघा, गिरणेच्या पाटाला आवर्तन सुटलं की आजूबाजूच्या विहिरी वर येतात हे शेतकऱ्याला सांगायला नको, घरवाल्याला मात्र लक्षात येत नाही.

भागाप्रमाणेही फरक पडतो. यावल-रावेरकडं, केळीपट्ट्यात, तापीच्या गाळाचा खोल थर आहे आणि तिथं उपसा एवढा झालाय की भूजल फार खाली गेलंय, तिथं बेसमेंटात पाणी आलं तर बहुतेक वेळा ते वरचंच असतं. साक्री, पारोळ्याकडं जिथं थोड्याच खोलीवर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो, तिथं पाणी खडकावर अडतं आणि खडकाच्या उतारानं आडवं चालत येतं, ते थेट तुमच्या भिंतीवर.

श्रावणात, कानबाईच्या सुमारास, भिंत नुसतीच घामट दिसते, फरशी ओलसर लागते पण पाणी साचत नाही, तेव्हा एक साधी टेस्ट करा. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दीड-दोन दिवस राहू द्या. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ती हवेतली वाफ आहे, थंड भिंतीवर जमलेली. त्याला वॉटरप्रूफिंग नको, बाहेरची दमट हवा आत घेणं कमी करा, पाऊस उघडून कोरडं ऊन पडेल तेव्हाच एक्झॉस्ट चालवा, आणि दादरचे (ज्वारीचे) कट्टे, म्हणजे पोती, भिंतीपासून वीतभर लांब, फळ्यांवर ठेवा.

स्लॅबचं पाणी

हिशोब करा. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १००० स्क्वेअर फुटाचा स्लॅब म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, त्यावर ५० मिलिमीटर पडला तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी झालं, म्हणजे एक पाच हजार लिटरचा टँकर जवळपास रिकामा केला तुम्ही, आणि तो बहुतेक घरांत कुठं रिकामा होतो? भिंतीच्या बुडाशी. पाइप खाली येतो आणि जोत्यापाशी उघडाच सोडलेला असतो.

म्हणून मेपर्यंत स्लॅबवर चढा, पाइपाच्या तोंडाशी पाला, चेंडू, पतंगाचा कागद काय असेल ते काढा, जाळी बसवा. खाली पाइपाला बेंड लावून पाणी भिंतीपासून दहा फूट तरी लांब न्या, नालीत किंवा उतारावर. बोअर रिचार्ज करायचा असेल तर चांगलंच, पण तो खड्डा बेसमेंटच्या भिंतीपासून पंधरा-वीस फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला पाहिजे. शोषखड्ड्याचंही तसंच, वरून काळ्या मातीत शोषखड्डा शोषतच नाही, नुसता भरून राहतो, मुरूम लागेपर्यंत खाली गेलात तरच उपयोग.

फक्त एवढं केलं तरी निम्म्या घरांचा त्रास संपतो असं माझं मत आहे, आणि याला खर्च म्हणाल तर दोन पाइप आणि चार बेंड.

अंगणाचा उतार

मिस्तरीची लेव्हल पाइप माहीतच असेल, पारदर्शक नळी, त्यात पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक भिंतीला धरा, दुसरं दहा फूट लांब काठीला. मातीचं अंगण असेल तर दहा फुटांत सहा इंच तरी उतार घराकडून बाहेर पाहिजे. फरशी किंवा काँक्रीट असेल तर दोन-अडीच इंच चालतं. जुन्या गावठाणात उतार उलटाच निघतो, कारण दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो, आधीचा खरवडत कोणी नाही, आणि तुमचं जोतं आहे तिथंच राहतं. मग गल्लीचं पाणी अंगणात. त्याला गेटपाशी सहा इंचाचा उंचवटा आणि आडवी जाळीची नाली एवढाच उपाय. बेसमेंटच्या रॅम्पलाही वर उंचवटा पाहिजे आणि खाली जाळी पाहिजे, दोन्ही, एकानं भागत नाही.

आता भिंतीलगतचा पट्टा, ज्याला प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. हे काळ्या मातीत नीट केलं तरच टिकतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. भिंतीपासून तीन फूट रुंद आणि फूटभर खोल काळी माती काढून टाका, ती परत वापरायची नाही. त्या जागी मुरूम, सहा-सहा इंचाच्या थरानं, पाणी मारून धुम्मस करून. त्यावर सोलिंग (दगडांचा थर) आणि वर चार इंच काँक्रीट, बाहेरच्या कडेला दीड इंच उतार. आणि आता मुख्य गोष्ट: काँक्रीट भिंतीला चिकटवून ओतू नका. मध्ये बोटभर फट ठेवा आणि ती डांबर किंवा लवचीक सीलंटनं भरा. मिस्तरी म्हणेल काय गरज आहे, सिमेंटनंच मारून देतो, ऐकू नका. माती फुगली की पट्टा उचलला जातो, सुकली की बसतो, सिमेंटचा सांधा पहिल्याच वर्षी तुटतो आणि तीच फट परत पाणी पिते. सीलंट ताणलं जातं, तुटत नाही. दरवर्षी मे महिन्यात तांब्याभर पाणी त्या पट्ट्यावर ओतून बघा, बाहेर पळालं तर ठीक, भिंतीकडं वळलं तर पट्टा कलंडलाय समजा.

या पट्ट्यालगत फुलझाडांचा वाफा करू नका. ठिबकचं गाव आपलं, जिकडंतिकडं नळ्या, भिंतीला लागून मोगरा लावायचा आणि त्याला रोज दोन तास ठिबक सोडायचं, म्हणजे उन्हाळ्यातसुद्धा बेसमेंटला पाणी पाजणं चाललंय. वाफा सहा-सात फूट लांब न्या.

जमिनीतलं पाणी: खणायची नाली

वरची दोन कामं करून एक पावसाळा जाऊ द्या. तरीही झिरपत असेल तर मग खणायचं.

भिंतीच्या बाहेरून फुटिंगच्या पातळीपर्यंत चर खोदायचा, फुटिंगच्या खाली एक इंचही जायचं नाही, नाहीतर घराचा पाया उघडा पडतो. पूर्ण लांबी एकदम खोदू नका, सहा-आठ फुटांचा तुकडा खोदा, भरा, मग पुढचा. काळ्या मातीचा उभा काप दिसायला भक्कम वाटतो पण चार-पाच फुटांच्या खाली तो न सांगता ढासळतो, तेव्हा फळ्या आणि टेकू लावल्याशिवाय कुणालाही आत उतरवू नका, मजूर नेहमीचा असला तरी.

चर उघडा आहे तोवर भिंतीची बाहेरची बाजू करून घ्या, कारण हा चान्स परत मिळत नाही. भिंत घासून माती काढा, भेगा इंग्रजी व्ही सारख्या कापून भरा, वॉटरप्रूफिंग कंपाउंड टाकून एकास तीनचं (एक सिमेंट, तीन वाळू) प्लास्टर करा, ते वाळल्यावर कोटिंग किंवा डांबरी शीट. कंपाउंड डब्यावर लिहिलंय तेवढंच टाकायचं, जास्त टाकलं तर जास्त चांगलं असं काही नसतं. आणि प्लास्टर पहाटे करा. मे महिन्यात अकरा वाजता केलेलं प्लास्टर संध्याकाळपर्यंत जाळीजाळी फाटतं, मग कितीही भारी मटेरियल असू द्या. ओले गोणपाट टांगा आणि सात दिवस तरी पाणी मारा. आपल्याकडची जुनी पद्धत शहाबादी फरशीची, बाहेरून फरश्या उभ्या लावून मागं सिमेंटचा घोळ भरायचा, ती अजूनही चांगली चालते, फक्त नवीन बांधकामात, म्हणजे खड्डा उघडा असताना. झालेल्या घराला ती जमत नाही.

मग चराच्या तळाशी जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, त्यावर खडी, त्यावर चार इंची भोकाचा पीव्हीसी पाइप, भोकं खालच्या बाजूला. हो, खालीच. पाणी खालून वर चढत पाइपात शिरतं, भोकं वर ठेवली तर अर्धा चर भरेपर्यंत पाइप कोरडाच. आठ फुटाला एक इंच उतार द्या, वरून परत खडी आणि कापड गुंडाळून टाका. कापडाला पैसे वाचवू नका, काळी माती इतकी बारीक असते की कापड नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत खडी गाळानं गच्च.

वर मुरूम भरा आणि सगळ्यात वरचा फूटभर थर काँक्रीटचा किंवा घट्ट चोपलेल्या मातीचा. इथं एक गडबड फार जण करतात: काळी माती काढून सगळीकडं मुरूम भरतात पण पाइप टाकत नाहीत. मुरमात पाणी सहज शिरतं, आजूबाजूच्या काळ्या मातीतून बाहेर पडत नाही, झाला की घराभोवती हौद तयार. पाण्याचा दाब असा की एक मीटर खोल पाणी उभं राहिलं की बुडाशी चौरस मीटरला १ टन, दोन मीटरला २ टन. त्या दाबापुढं आतून लावलेला कुठलाच कलर टिकत नाही. आमच्याकडचे एक म्हातारे गवंडी सांगायचे, पानीले वाट करी दे भो, मंग ते घरमा कसाले ई? तर पाइपाचं दुसरं टोक कुठंतरी निघालं पाहिजे, खालच्या नाल्यात, आणि तसा उतारच नसेल तर सम्पमध्ये, म्हणजे पाणी गोळा करायच्या खड्ड्यात.

सम्प आणि मोटर

बेसमेंटच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात दोन बाय दोन फूट, अडीच फूट खोल खड्डा, वर जाळी. त्यात अर्ध्या एचपीची गाळाचं पाणी ओढणारी सबमर्सिबल, फ्लोट स्विचवाली, म्हणजे पाणी चढलं की आपोआप चालू. डिलिव्हरी पाइपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाहिजेच, नाहीतर मोटर बंद झाली की पाइपातलं पाणी परत खाली. आणि ते पाणी नालीत सोडा, अंगणात नको, अंगणात सोडलं तर तेच पाणी गोल फिरून परत येतं आणि मोटर रात्रभर चालते.

खरी अडचण लाइटची. जोराचा पाऊस आणि लाइट जाणं हे जोडीनंच येतं. इन्व्हर्टरवर मोटर टाकायची तर लक्षात ठेवा, अर्धा एचपी म्हणजे पावणेचारशे वॉटच्या आसपास, पण सुरू होताना ती त्याच्या कितीतरी पट करंट ओढते, टीव्ही-पंख्यासाठी घेतलेला छोटा इन्व्हर्टर तिथंच ट्रिप होतो. इलेक्ट्रिशियनला मोटर दाखवूनच इन्व्हर्टर घ्या. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइट तोडणारा स्विच) नसेल तर मोटर बसवूच नका, बेसमेंटातले बोर्डही चार फुटांच्या वर घ्या. डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन बेसमेंटात उतरवून चालवायचं नाही, कितीही घाई असली तरी, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडनं माणूस तिथंच झोपतो. इंजिन बाहेर, फक्त पाइप आत.

आतलं काम

आता डब्याची पाळी. सगळ्यात जास्त गळती फरशी आणि भिंत जिथं मिळते त्या सांध्यात असते, तिथं वाटा मारून घ्या, म्हणजे सिमेंटची गोलाई. त्याआधी सांधा इंचभर खोल कापून साफ करायचा, नुसता वरून वाटा मारला तर वर्षात सुटतो. पाणी चालूच असेल तर पाच मिनिटांत सेट होणारं वॉटर प्लग सिमेंट मिळतं, गोळा करून दाबून धरायचं. काँक्रीटच्या भिंतीतल्या भेगेत पीयू (पॉलियुरेथेन) ग्राउटचं इंजेक्शन चालतं, विटांच्या भिंतीत ते पैसे वाया. आतून लावायचं तर क्रिस्टलाइन प्रकारचं कोटिंग घ्या आणि ते जुना कलर पूर्ण खरवडून, भिंत ओली करूनच लावायचं. पांढरा खार फुटलेला असेल तर आधी ब्रशनं झाडून काढा, पाण्यानं धुतलात तर तो परत आत शिरतो.

पाइपांच्या भोकांकडे बघा. आणि पाइपांच्या आतसुद्धा! मीटरपासून बेसमेंटात येणारी केबल ज्या पाइपातून येते तो पाइप बाहेर जमिनीत भरतो आणि पाणी केबलच्या कडेनं सरळ बोर्डात उतरतं. लोक भिंत फोडत बसतात आणि पाणी येतं बोर्डातून. बाहेरच्या टोकाला पाइप उलटा वळवून तोंड सील करा.

जुना वाडा असेल, भिंती मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या, तर तिथं सिमेंटचं प्लास्टर करू नका. अशा भिंतीला श्वास लागतो, सिमेंटनं ओल आत कोंडते आणि भिंत आतल्या आत कुजून पोपडे सोडते. चुन्याचंच प्लास्टर करा. आणि अंगणाखाली जुनं पेव (धान्य साठवायचा जमिनीखालचा खड्डा) निघालं तर त्यात डोकावायलाही उतरू नका, बंद पेवात प्राणवायू नसतो, एक उतरला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. वरूनच मुरूम टाकून थराथरानं भरून घ्या, नाहीतर ते भिंतीशेजारी पाण्याची टाकी होऊन बसेल.

पूर आला तर

तापी, गिरणा, पांझरा, वाघूरच्या काठावर असाल तर प्लॉट घेतानाच पूररेषा बघा. निळी रेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळीच्या आत बेसमेंट काढूच नये असं माझं स्पष्ट मत. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की सामान वर घ्या, आणि ड्रेनेज लाइनला व्हॉल्व्ह बसवलेला नसेल तर बेसमेंटातल्या संडासाच्या तोंडावर वाळूची गोणी दाबा, गटाराचं पाणी तिथूनच उलटं येतं.

पाणी भरलंच तर पहिलं काम मेन स्विच, तोही कोरड्या जागेवर उभं राहून. पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही, बोर्ड खालीच असेल तर वीज कंपनीच्या माणसाला बोलवा. मग घाईनं मोटरी लावून एका दिवसात बेसमेंट कोरडं करू नका. बाहेरची माती अजून चिंब असते, आतलं पाणी काढलं की भिंतीला आतून धरणारं काहीच उरत नाही आणि ती आत कलंडते, फरशी फुगून वर येते. बाहेरचं पाणी उतरू द्या, मग पहिल्या दिवशी एक तृतीयांश काढा आणि भिंतीवर खडूनं खूण करा. सकाळी पाणी खुणेच्या वर चढलं असेल तर मोटर बंद ठेवून अजून एक दिवस थांबा, खूण जागेवर असेल तर पुढचा तिसरा हिस्सा. सगळं कोरडं झाल्यावरही वायरिंग इलेक्ट्रिशियनला मेगरनं (वायरचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) तपासायला लावा, तोपर्यंत बेसमेंटचा एमसीबी बंदच.